बिघाड नेमका कुठे आहे? भारतातील संगणक-दुरुस्तीची सत्तर वर्षे

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील विंडोजवर चालणारे असंख्य संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलचा तो परिणाम होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे त्या दिवशी बाधित झाली. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

या घटनेची चर्चा पुष्कळ झाली. तिच्यावरील उपायाची मात्र त्या मानाने कमी झाली. जे यंत्र सुरूच होत नाही, त्याला इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवता येत नाही. त्यामुळे असंख्य ठिकाणी कोणीतरी यंत्रासमोर बसून ते सेफ मोडमध्ये सुरू करणे, ठरावीक फोल्डरमधील ती एक फाइल काढून टाकणे आणि यंत्र पुन्हा सुरू करणे, एवढाच मार्ग उरला. पंचवीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या संगणक-दुकानात काम करणारा कोणताही कारागीर हेच करत असे.

भारताच्या संगणकयुगाचा इतिहास आपण सहसा सॉफ्टवेअरची निर्यात, महासंगणक आणि मोठ्या कंपन्या यांच्या अंगाने सांगतो. त्याला समांतर असा दुसरा एक इतिहास आहे. तो बंद पडलेल्या यंत्रांचा आणि ती सुरू करणाऱ्या माणसांचा आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो वाचावा याचे कारण असे की, बिघाड शोधणे ही निरीक्षण, तर्क आणि प्रयोग यांची रोजची तालीम होती, आणि आज ती आपल्या घरांतून हळूहळू नाहीशी होत आहे.

▪ ज्यांनी बांधले, त्यांनीच दुरुस्त केले

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून आणलेला एचईसी-२एम हा संगणक बसवण्यात आला. त्याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गट स्वतःचा संगणक घडवत होता. प्रायोगिक यंत्रानंतर १९६० मध्ये पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते.

या आकड्यांकडे दुरुस्तीच्या दृष्टीने पाहावे. निर्वात नलिका दिव्याप्रमाणे तापते आणि कालांतराने निकामी होते. एका नलिकेचे आयुष्य कितीही चांगले असले, तरी अशा २,७०० नलिका एकत्र जोडल्या की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यता फार वाढते. म्हणून त्या पिढीच्या यंत्रांमध्ये बिघाड शोधणे हा चालवण्याचाच भाग होता. यंत्र बांधणारा आणि ते दुरुस्त करणारा ही दोन माणसे वेगळी नव्हती.

▪ देखभालीच्या नावाने स्थापन झालेली कंपनी

पुढील काळात परिस्थिती उलटी झाली. भारतात वापरले जाणारे पुष्कळसे संगणक आयबीएमचे होते आणि ते भाड्याने दिले जात. यंत्र आयबीएमचे, सुटे भाग आयबीएमचे आणि दुरुस्ती करणारे अभियंतेही आयबीएमचे. ग्राहकाला यंत्राचा उपयोग मिळे. त्याच्या अंतरंगाचे ज्ञान मात्र कंपनीकडेच राही.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांच्या भागभांडवलावर मर्यादा आणली. आयबीएमने ती अट मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये ती भारतातून बाहेर पडली. मागे राहिलेली यंत्रे रेल्वे, संशोधन संस्था आणि मोठ्या उद्योगांत चालू होती. ती बंद पडू देणे परवडणारे नव्हते. हे काम ज्या सरकारी कंपनीकडे आले, तिचे नावच 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' असे होते. १९७५ च्या अखेरीस नोंदणी झालेली ही कंपनी पुढे 'सीएमसी' या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली.

दुसऱ्याने बांधलेले यंत्र, बांधणाऱ्याच्या अनुपस्थितीत, चालू ठेवणे हे तिचे काम होते. त्यासाठी वेगवेगळ्या बनावटींची यंत्रे समजून घ्यावी लागली. याच सीएमसीने १९८० च्या दशकाच्या मध्यात नवी दिल्लीत रेल्वेची संगणकीय आरक्षण-प्रणाली उभारली. देखभाल करता करता व्यवस्था उभारण्याचे सामर्थ्य येते, याचे हे ठळक उदाहरण होय.

▪ घरात आलेले उघडे यंत्र

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची रचना खुली होती. विविध उत्पादकांनी बनवलेली कार्डे त्यात बसवता येत आणि लवकरच त्याच्या प्रतिकृतीही निघाल्या. नोव्हेंबर १९८४ मध्ये भारत सरकारने नवे संगणक-धोरण जाहीर करून आयात सुलभ केली. त्यानंतरच्या दशकभरात दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड आणि कोलकात्याचे चांदणी मार्केट येथे सुट्या भागांचे बाजार फुलले. 'असेम्बल्ड' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत रूढ झाला तो याच काळात. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसऱ्या, हार्ड डिस्क तिसऱ्या आणि कॅबिनेट बिननावाचे, असा तो संगणक असे.

अशा यंत्राला एकच एक जबाबदार उत्पादक नसतो. ते बंद पडले की दोष कोणत्या भागाचा, हे आधी ठरवावे लागे. त्यातून बाजारातील कारागिरांनी एक पद्धत अंगी बाणवली. चालू असल्याची खात्री असलेला भाग संशयित भागाच्या जागी लावून पाहायचा. एका वेळी एकच भाग बदलायचा. दोन बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही. प्रयोगशाळेत ज्याला आपण चलांचे नियंत्रण म्हणतो, तेच हे होते.

या पद्धतीला मर्यादाही होती. वीज पुरवणारा एसएमपीएसच सदोष असेल, तर त्याला जोडलेला चांगला भागही जळू शकतो. म्हणून अनुभवी कारागीर आधी मल्टिमीटरने ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या वाहिन्या तपासत आणि मगच चांगल्या भागाला हात लावत.

▪ यंत्र स्वतःबद्दल काय सांगते

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंतचे काही क्षण निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला बायोस हा कार्यक्रम प्रथम स्वतःची आणि मग आवश्यक भागांची चाचणी घेतो. तिला 'पोस्ट' म्हणतात. या टप्प्यावर पडदा सुरू झालेला नसतो, म्हणून दोष सांगायला यंत्राकडे आवाज एवढेच साधन असते. आयबीएमच्या मूळ यंत्रात एक आखूड ध्वनी म्हणजे सर्व ठीक, तर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याशी संबंधित कार्डात दोष, असा संकेत होता. पुढे प्रत्येक बायोस-उत्पादकाने आपापले संकेत ठरवले. त्यांपैकी अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी १९८५ मध्ये स्थापन करणाऱ्यांत सुब्रमोनियन शंकर हे मूळचे भारतीय अभियंते होते. आपल्याकडील असंख्य असेम्बल्ड संगणकांनी सुरू होताना पडद्यावर दाखवलेली 'एएमआय' ही अक्षरे त्याच कंपनीची.

शोधाचा क्रम या साखळीतूनच ठरतो. पंखाही फिरत नसेल तर प्रश्न विजेचा आहे. पंखा फिरतो पण आवाज नाही आणि चित्रही नाही, तर रॅम, प्रोसेसर किंवा मदरबोर्डकडे पाहायचे. बायोसचा पडदा दिसतो आणि पुढे काही होत नाही, तर हार्ड डिस्क किंवा तिच्यावरील प्रणाली संशयित ठरते. विंडोज नेहमीप्रमाणे कोसळते पण सेफ मोडमध्ये नीट चालते, तर बहुधा एखादे ड्रायव्हर किंवा नंतर टाकलेले सॉफ्टवेअर कारणीभूत असते. प्रत्येक प्रश्नाने शक्यतांचा मोठा गट बाद होतो. नाना शंका एकाच वेळी मनात घेऊन बसण्याऐवजी 'कुठपर्यंत ठीक आहे?' असे विचारत जायचे, हे या विद्येचे सार आहे.

▪ इथल्या हवेतले बिघाड

संगणक जगभर सारखेच असले, तरी त्यांचे आजार स्थानिक असतात. अचानक जाणारी आणि झटक्याने येणारी वीज, खाली-वर होणारा दाब, नावापुरते अर्थिंग, उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांनी भारतीय कारागिराचा अनुभव घडवला. यूपीएस ही आपल्या घरांत संगणकाच्या खरेदीबरोबरच येणारी वस्तू ठरली, ती यामुळेच.

खोडरबराचा उपाय याच हवेत रुजला. संगणक सुरू होत नसेल तर रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायच्या आणि पट्टी पुन्हा बसवायची. उपाय बऱ्याचदा लागू पडे. पण श्रेय कुणाचे? धूळ आणि ओलाव्याचा सूक्ष्म थर संपर्कात अडथळा आणतो हे खरे. परंतु पट्टी काढून पुन्हा दाबून बसवण्याच्या क्रियेतच तो थर बहुतेक वेळा घासला जातो. खोडरबराने मात्र आधीच पातळ असलेला सोन्याचा मुलामा आणखी झिजतो. आधी नुसती पट्टी काढून बसवावी, यंत्र चालू होते का पाहावे आणि न झाल्यासच खोडरबर हाती घ्यावे, असा क्रम ठेवला तर घरच्या घरी एक छोटा नियंत्रित प्रयोग होतो.

मदरबोर्डवरील ३ व्होल्टच्या, नाण्याएवढ्या सीआर २०३२ बॅटरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ती संपली की संगणकाचे घड्याळ बंद असताना चालत नाही आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग एके दिवशी बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही. 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना येते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र विशिष्ट मुदतीसाठी वैध असते आणि संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. लक्षण इंटरनेटवर दिसते आणि कारण मदरबोर्डवर असते. माणूस ब्राउझर बदलतो, अँटिव्हायरस बदलतो, इंटरनेट कंपनीशी भांडतो. आणि उपाय किराणा दुकानातही मिळू शकणाऱ्या एका बॅटरीत असतो.

▪ साक्षीदारच खोटे बोलतो तेव्हा

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम-प्रकारच्या संगणकांवरील पहिला विषाणू मानला जातो. १९९० मध्ये भारतात 'जोशी' हा विषाणू आढळला. फ्लॉपी आणि हार्ड डिस्कच्या आरंभीच्या भागात तो दडून राही आणि ५ जानेवारीला यंत्र अडवून धरी. 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकल्याशिवाय पुढे जाता येत नसे. गंमत वाटावी असा हा प्रकार निदानाच्या दृष्टीने कठीण होता. बाधित यंत्रावर तपासणी केली, तर तो स्वतःचे अस्तित्व झाकत असे, आणि तीन कळा दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी स्मृतीत टिकून राही. म्हणून वीज पूर्ण बंद करायची आणि लिखाण-बंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे, ही शिस्त आली. संशयिताचीच साक्ष प्रमाण धरायची नाही, हा धडा त्या फ्लॉपीने शिकवला.

२६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' या तैवानी विषाणूने हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांतील सीमाच पुसली. तो हार्ड डिस्कचा पहिला १ मेगाबाइट भाग पुसून टाकी आणि काही प्रकारच्या मदरबोर्डवरील बायोसही बिघडवी. अशा यंत्रात कळ दाबली तरी काहीच घडत नसे. कारागिरांनी त्यावरही मार्ग काढला. तशाच दुसऱ्या मदरबोर्डच्या चिपवर यंत्र सुरू करायचे, ते चालू असतानाच चिप अलगद काढून बिघडलेली बसवायची आणि तिच्यात बायोस पुन्हा लिहायचा, अशी ती जोखमीची युक्ती होती.

हार्ड डिस्कची गोष्ट मात्र अधिक चटका लावणारी आहे. पहिला १ मेगाबाइट गेला म्हणजे अनुक्रमणिका गेली. पलीकडचा मजकूर पुष्कळदा चकतीवर शाबूत असे आणि जाणकाराला तो परत मिळवता येई. पण 'डिस्क रिकामी दिसते' एवढ्यावरून जेथे घाईने नव्याने विंडोज टाकले गेले, तेथे विषाणूने सोडलेले उरलेसुरले या उपचाराने नाहीसे केले.

याच काळात पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर संगणक दुरुस्त करत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत वारंवार विषाणू आढळत, म्हणून त्यांचे संगणकशास्त्र शिकणारे बंधू संजय यांनी ते काढणारी सॉफ्टवेअर लिहिली. १९९५ मध्ये स्थापन झालेली त्यांची कंपनी पुढे 'क्विक हील' या नावाने देशभर पोहोचली. सीएमसीप्रमाणेच येथेही निर्मितीचा उगम दुरुस्तीत होता.

▪ 'फॉरमॅट मारा' या उपचाराची किंमत

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर घरोघरी विंडोज स्थिरावले, आणि एक नवा सर्वरोगहारी उपाय प्रचारात आला. संगणक मंद झाला, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. निळा पडदा आला, फॉरमॅट. त्यामागे कारणे होती. प्रणालीची सीडी अनेकदा अनधिकृत असे, मूळ ड्रायव्हर हरवलेले असत आणि कारागिराला कारण शोधण्याचे वेगळे पैसे कोणी देत नसे. नव्याने सारे टाकायला लागणारा वेळ ठरलेला असतो. कारण शोधायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

फॉरमॅटने यंत्र सुरू होई, पण बिघाड कशामुळे झाला होता हे कायमचे अज्ञात राही. रॅम सदोष असेल किंवा हार्ड डिस्क झिजत आली असेल, तर तोच निळा पडदा काही आठवड्यांनी परत येई. मधल्या काळात घरातली छायाचित्रे, हिशेब, एखाद्याचा अर्धा प्रबंध गेलेला असे. शोध न घेता केलेल्या उपचाराची किंमत अशी दुसऱ्यालाच मोजावी लागते.

भारतीय भाषांना या घाईचा वेगळाच फटका बसला. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांचा मजकूर बहुधा विशिष्ट फॉन्टच्या आधारे लिहिला जाई. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. 'फाइल बिघडली' असे म्हणून ती काढूनही टाकली जाई. वस्तुतः फाइल ठीक होती, यंत्रही ठीक होते. दोघांमध्ये समान संकेतप्रणाली नव्हती. बिघाड दिसतो तेथे तो असतोच असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

▪ बंद पेटीपुढे

आज अनेक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते. संशयित पट्टी काढून दुसरी लावण्याचा प्रश्नच उरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे काहीही न बिघडलेले कित्येक घरगुती संगणक अधिकृतपणे कालबाह्य ठरले. त्यांतील काहींमध्ये टीपीएम असूनही ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते आणि एका पर्यायाने चालू करता येते. काहींवर लिनक्स उत्तम चालते. परंतु हे तपासून पाहण्यापूर्वीच यंत्र भंगारात गेले, तर तेही एक प्रकारचे फॉरमॅटच.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग उपलब्ध करून द्यावेत, ही त्यामागील भूमिका आहे. ती स्वागतार्ह आहे. १९७८ पूर्वी ग्राहकाला यंत्राच्या अंतरंगापासून दूर ठेवणारी जी व्यवस्था होती, ती वेगळ्या वेशात परत येऊ नये, यासाठी असा हक्क हवाच. मात्र हक्क मिळाला तरी तो वापरणारी बुद्धी लागते. ती सवयीने येते.

विद्यार्थ्यांनी ही सवय जुन्या डेस्कटॉपवर लावून घ्यावी. त्याच्यासारखी स्वस्त प्रयोगशाळा दुसरी नाही. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी. लक्षण जसे दिसते तसे, तारीख-वेळेसह, वहीत लिहावे आणि पडद्यावरील त्रुटी-क्रमांक उतरवून घ्यावा. शेवटचा बदल कोणता झाला ते आठवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम नोंदवावा. कॅबिनेट उघडण्यापूर्वी विजेची पिन काढावी, आणि एसएमपीएसची पेटी तर कधीच उघडू नये. पिन काढल्यानंतरही तिच्यातील धारित्रांत धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

टिफ्रॅकच्या हजारो नलिकांपुढे उभा असलेला अभियंता, सीएमसीचा फिरता तंत्रज्ञ, लॅमिंग्टन रोडवरील कारागीर आणि २०२४ च्या जुलैत विमानतळावर एकेक यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करणारा कर्मचारी यांच्या हाती वेगवेगळी साधने होती. त्यांना विचारावा लागलेला पहिला प्रश्न मात्र एकच होता : कुठपर्यंत ठीक आहे?

#विज्ञानाचा_इतिहास #संगणक #दुरुस्तीचा_हक्क